ज्याचा वारा त्यानं खायचा

कोल्हापूर, डिसेंबर. पहाटे राजाराम तलावाकाठी आम्ही मित्र कुडकुडत उभे. समोर ट्रायथलॉन: १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आलेली हीच अंतरं.

गंमत म्हणजे पाणी हवेपेक्षा उबदार होतं. ते सावकाश निवतं. थंडी खरी झोंबली ती ओल्या अंगानं सायकलवर बसताना. बोटं बधिर, हेल्मेटचा पट्टा लागेना आणि घड्याळ चालूच. त्यात मित्राच्या मागे राहून वारा चुकवायचा नाही, असा नियम. धावताना मात्र समोरून येणारा दोस्त ओरडला, “चल की भावा!” पाय आपोआप उचलले गेले.

शर्यत ज्याची त्यानंच पुरी करायची असते. पण नाव नोंदवताना दोन मित्र सोबत घ्यावेत.