श्वास रोखू नका

आपल्या वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, शेततळं, फार तर धरण. वाशीम शहराला पाणी पुरवणारा एकबुर्जी तलावही आपण काठावरूनच पाहतो. आमच्या घरात तर पाण्यात उतरायला मनाईच होती. अम्मींचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत बुडून गेला. त्यानंतर दोन पिढ्यांत घरात कुणी पोहायला शिकलं नाही.

म्हणून नववीतली लेक म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊ, मला स्कुबा करायचंय," तेव्हा सगळे गप्प झाले. नातेवाइकांनी दोन प्रश्न विचारले: जिवाचं काय आणि पर्द्याचं काय? दोन्ही रास्त होते. आम्ही नवराबायको दोघेही शिक्षक. प्रश्न आला की आधी माहिती काढायची, ही आमची सवय. फोन करून महिला प्रशिक्षक मिळेल याची खात्री केली. अंगभर पोशाख मिळतो, वर आखूड कुर्ता चालतो, पण लोंबती ओढणी नको. ती उपकरणात अडकते. डोक्यावर टोपी चालते, मात्र मास्कच्या कडेखाली कापड किंवा केस आले तर पाणी आत शिरतं. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

अम्मी म्हणाल्या, "मीही येते. शिकवणारी कोण आहे ते बघू द्या."

अकोल्याहून रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण. किनाऱ्यापासून जवळच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याच्या बांधकामाला 1664 साली सुरुवात झाली. या परिसराला 1987 मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात होडी थांबली.

प्रशिक्षिकेने पहिला नियम सांगितला: श्वास रोखायचा नाही. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. वर येताना फुफ्फुसातली हवा प्रसरण पावते. ती कोंडून ठेवली तर इजा होते. खाली जाताना नाक दाबून कानांतला दाब सारखा करायचा. अंगठा वर केला की "छान" नव्हे, "वर चला" असा अर्थ. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल.

अम्मींनी विचारलं, "वरून आम्हाला काय कळणार?" ती म्हणाली, "आजी, बुडबुडे बघत राहा. बुडबुडे येतायत म्हणजे तिचा श्वास चालू आहे."

लेक उतरली. आम्ही लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून पृष्ठभागावर तरंगत होतो. पाणी फोटोंतल्यासारखं निळंशार नव्हतं, थोडं गढूळच होतं. तरी पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी हाताजवळून गेले. खाली प्रवाळ दिसले. दगडासारखे दिसतात, पण ते सजीव आहेत. त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही. समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या आत राहणारी शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली असंच झालं. अल्लाहने बनवलेलं हे जग इतकं नाजूक आहे, हे पुस्तकात शिकवताना आम्हाला कधी एवढं जाणवलं नव्हतं.

होडीत अम्मींच्या हातात तसबीह होती आणि नजर बुडबुड्यांवर. लेक वर आली तेव्हा त्यांनी आधी तिचे कान पुसले, मग म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह. अब तैरना भी सीख ले."

वाचक बहिणींनो, हेच महत्त्वाचं आहे. स्कुबात प्रशिक्षिका धरून नेते. त्याने पोहणं येत नाही. विहीर, नाला, तलाव आपल्या मुलांच्या वाटेवर रोजच असतात आणि नुसत्या मनाईने ते दूर होत नाहीत. चारपाच घरांनी मिळून जलतरण तलावावर मुलींसाठी वेगळी वेळ मागावी. आम्ही अर्ज दिला आहे. त्यावर अम्मींनी सही केली आणि नातवासाठीही मुलांच्या वर्गाची चौकशी करायला सांगितलं.