आधी खोली मोजा

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात अठरा होलचं गोल्फ मैदान नाही. आम्हाला जवळचं म्हणजे सिडकोचं खारघर व्हॅली. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ सालचं, नावाजलेलं, पण तो सभासदांचा क्लब आहे. बदलापूरच्या खेळाडूला सकाळी लवकरची वेळ गाठायची तर अंधारातच घर सोडावं लागतं, आणि पावसाळ्याचे चार महिने तर बेभरवशाचेच. त्यामुळे घरीच सिम्युलेटर बसवावा, म्हणजे खोलीतच पडद्यावर चेंडू मारावा आणि यंत्राने त्याचं उड्डाण मोजावं, असा विचार या भागात आता बरेच जण करू लागलेत. त्यात अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतले कारखानदार आहेत, उल्हासनगरचे व्यापारी आहेत आणि ज्यांची मुलं ज्युनिअर स्पर्धा खेळतात अशी कुटुंबंही आहेत. सिम्युलेटर बसवणं आणि त्याची मापं जुळवणं हे माझं काम. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रोफेशनल खेळाडू कोणता वापरतात?

प्रश्न रास्त आहे, म्हणून मी सरळ उत्तर देतो. टायगर वूड्सचं नाव फुल स्विंग या अमेरिकी कंपनीशी जोडलेलं आहे. ब्रायसन डिशाम्बो फोरसाइटचं जीसीक्वाड वापरताना दिसतो. पीजीए टूरच्या सरावात खेळाडूंच्या मागे जमिनीवर ठेवलेलं ट्रॅकमनचं यंत्र टीव्हीवरही दिसतं. यांतलं कुठलंही घ्या, यंत्र म्हणून ते उत्तमच आहे. पण त्या खेळाडूंची खोली यंत्राभोवती बांधलेली असते. आपली खोली आधीच बांधून झालेली असते, तिच्या मधोमध बीम असतो आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी राहत असतं. सिम्युलेटर हे मापयंत्र आहे आणि खोली हा त्या मापयंत्राचाच एक भाग आहे. खोली चुकली तर कितीही महागडं यंत्र खोटे आकडे देतं.

आणि प्रोफेशनल खेळाडूला हवे असतात ते आकडेच. पीजीए टूरवरच्या खेळाडूचा ७ नंबरचा आयर्न हवेतून सरासरी १७० यार्डांच्या थोडा पुढे जातो आणि चेंडू मिनिटाला साधारण ७,००० फेरे घेतो. ही फिरकी ५,५०० वर आली तर तोच चेंडू ग्रीनवर पडूनही थांबत नाही, मागच्या उतारावर जातो. पडद्यावरचं सेंट अँड्र्यूजचं मैदान कितीही सुंदर दिसलं तरी हा फरक यंत्राने पकडला नाही, तर त्या खेळाडूच्या दृष्टीने खोलीत काहीच घडलेलं नाही. म्हणून विक्रेत्याला मी नेहमी एकच विचारायला सांगतो : फिरकी तुमचं यंत्र मोजतं की चेंडूच्या वेगावरून आणि कोनावरून अंदाज बांधतं? स्वस्त यंत्रं बऱ्याचदा अंदाज बांधतात. हौसेसाठी ते चालतं. ज्याला स्पर्धा खेळायची आहे त्याला चालत नाही.

मोजण्याच्या रीती दोन. पहिली रडारची. ट्रॅकमन ही २००३ सालची डेन्मार्कची कंपनी. तिचे रडारतज्ज्ञ फ्रेडरिक टुक्सेन आधी वायबेल या डॅनिश कंपनीत होते आणि वायबेलची डॉप्लर रडार तोफगोळ्यांचा वेग व मार्ग मोजायला वापरतात. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गावात, म्हणजे अंबरनाथमध्ये, हे नातं फार समजावून सांगावं लागत नाही. रडार खेळाडूच्या मागे बसतं आणि सुटलेल्या चेंडूचा माग काढत राहतं. उघड्या मैदानावर त्याला सगळं उड्डाण दिसतं, म्हणून तिथे त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. घरात मात्र चेंडू तीन मीटरवर पडद्याला धडकतो. ड्रायव्हरने मारलेला चेंडू हे अंतर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कापतो. एवढ्यात फिरकी पकडायची म्हणून चेंडूवर धातूचा छोटा ठिपका चिकटवावा लागतो किंवा त्यासाठीच बनवलेले चेंडू घ्यावे लागतात. यंत्राला चेंडूच्या मागे सात-आठ फूट जागा हवी. त्यात पडद्यापर्यंतचं अंतर आणि पडद्यामागची मोकळी जागा धरली की खोलीची लांबी वीस फुटांच्या आसपास किंवा पुढेच जाते. छताचा पंखा चालू असेल तर तोही रडारला हलती वस्तू म्हणून दिसतो. जुन्या ट्यूबलाइटही त्रास देतात.

दुसरी रीत कॅमेऱ्याची. फोरसाइट आणि कोरियाची युनिकोर यांची यंत्रं चेंडू सुटतानाच्या प्रतिमा अगदी थोड्या मिलिसेकंदांच्या अंतराने टिपतात आणि चेंडू किती वळला यावरून फिरकी काढतात. पुढचं उड्डाण गणिताने ठरतं. जीसीक्वाड चेंडूच्या बाजूला जमिनीवर बसतं, त्यामुळे घरात एक डावखुरा आणि एक उजव्या हाताने खेळणारा असेल तर दर वेळी ते उचलून पलीकडे ठेवावं लागतं. छतावर बसणारं यंत्र दोघांनाही चालतं. ट्रॅकमननेही घरासाठी छतावरचं आयओ काढलं आहे, त्यात रडारच्या जोडीला कॅमेरे आहेत. आमच्याकडच्या पंधरा-अठरा फुटी खोल्यांसाठी मी छतावरचंच यंत्र सुचवतो आणि जमिनीवरच्या रडारला सरळ नाही म्हणतो, ते कितीही नावाजलेलं असलं तरी.

आता उंची. बांधकाम नियमांप्रमाणे राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. नव्या टॉवरमध्ये बहुतेकदा त्याच्या आसपासच मिळते, आणि त्यातूनही बीम आणि फॉल्स सीलिंग आपला वाटा घेतात. ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब असतो. पावणेसहा फुटी माणसाचा स्विंग नऊ फुटांत बसतो, असा हिशेब कागदावर निघतो. प्रत्यक्षात क्लब छताला लागेल या धाकाने खेळाडू खांदे आखडतो, आणि ही सवय तो मैदानावर घेऊन जातो. ज्याचं पोट या खेळावर आहे त्याचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही. बीमखाली दहा फूट निव्वळ उंची मिळाली तरच ड्रायव्हर मनमोकळा फिरतो. रुंदी बारा फूट तरी हवी, दोन्ही हातांचे खेळाडू असतील तर पंधरा. बंगला बांधायला काढला असेल तर आर्किटेक्टशी आधीच बोला : एका खोलीचा स्लॅब अकरा फुटांवर घ्या आणि तिथला बीम इन्व्हर्टेड करा, म्हणजे तो खाली न उतरता स्लॅबच्या वर राहील. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून काम भागवावं असं अनेकांना वाटतं. मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही, पावसात पत्र्याच्या आवाजापुढे बोलणं ऐकू येत नाही, आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच.

फ्लॅटमध्ये तळमजल्याखेरीज मी काम घेत नाही. टूरवरच्या खेळाडूच्या ड्रायव्हरमधून चेंडू ताशी २७० किलोमीटरच्या आसपास सुटतो. ४५.९३ ग्रॅमचा हा चेंडू पडद्यावर आदळतो त्याचा आवाज भिंतीपलीकडे जातोच, पण क्लब चटईवर आपटतो तो दणका स्लॅबमधून खाली उतरतो. खालच्या घरातल्या आजींना तो रोज संध्याकाळी ऐकायला लावणं योग्य नाही.

चटईबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. बदलापूर पश्चिमेला एका बंगल्यात काम चाललं होतं. घरातली पंधरा वर्षांची मुलगी स्पर्धा खेळणारी. आधीच्या कुणीतरी दिलेली कडक चटई तिथे होती. मी तिला म्हटलं, ‘‘७ नंबर घे आणि मुद्दाम चेंडूच्या दोन इंच मागे मार.’’ तिने मारलं. क्लब चटईवर आपटला, उसळून पुढे सरकला आणि चेंडूला बऱ्यापैकी लागला. पडद्यावर चेंडू ग्रीनच्या कडेला जाऊन पडला. ती आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, खारघरला हा निम्म्यातच पडला असता.’’ तिला जे कळलं तेच मला तिच्या वडिलांना दाखवायचं होतं. मैदानावर असा फटका मातीत रुततो. कडक चटई तो माफ करते, आणि यंत्र माफ केलेल्या फटक्याचं अगदी अचूक माप देतं. यात यंत्राचा दोष नाही. शिवाय रोज शंभर चेंडू मारणाऱ्याच्या मनगटावर आणि कोपरावर कडक चटईचा मार बसतो तो वेगळाच. वडील म्हणाले, ‘‘अहो, मग प्रोजेक्टर साधा घेऊ, पण चटई बदलून द्या.’’ क्लब थोडा आत जाऊ देणारी जाड चटई आम्ही बसवली, आणि मुलीच्या आकड्यांत पहिल्याच आठवड्यात तिच्या चुका दिसायला लागल्या.

प्रोफेशनल खेळाडू पायाखालच्या जमिनीला किती महत्त्व देतात ते टीजीएलमध्ये दिसतं. टायगर वूड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांच्या पुढाकाराने जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडात ही बंदिस्त लीग सुरू झाली. तिथला पडदा ६४ फूट रुंद आणि ५३ फूट उंच आहे, पण खेळाडू मारतात ते खऱ्या गवतावरून आणि खऱ्या वाळूतून. लांब फटक्याला समोरचं दृश्य बनावट चालतं, पायाखालची जमीन नाही. ग्रीनजवळचा खेळही ते पडद्यावर सोडत नाहीत, त्यासाठी कृत्रिम गवताचं का होईना, प्रत्यक्ष ग्रीन बांधलंय. घरच्या सिम्युलेटरकडून पटिंगची फार अपेक्षा ठेवू नये, हे त्यातूनच कळावं.

आपला पावसाळा हा परदेशी माहितीपत्रकांत न सापडणारा विषय. जुलैमध्ये बंद खोलीत पडद्याच्या कापडाला बुरशी येते, प्रोजेक्टरच्या आणि कॅमेऱ्याच्या काचेवर फंगस चढतं, चटईखाली ओल साठते. पडदा बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे फूटभर तरी जागा ठेवा. चेंडूच्या धक्क्यासाठीही ती लागतेच. खोलीत आर्द्रतामापक लावा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. त्यासाठी डिह्युमिडिफायर लागला तर घ्या. वरच्या स्लॅबमधून पाझर असेल तर तो थांबेपर्यंत यंत्र मागवूच नका. जोराच्या पावसात वीज ये-जा करते, म्हणून संगणक आणि यंत्र ऑनलाइन यूपीएसवर हवेत. घरातल्या पंख्या-दिव्यांच्या साध्या इन्व्हर्टरवर नकोत.

हवेचा आणखी एक हिशेब असतो. सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची भरावी लागते. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ, म्हणून येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर २५० यार्डांचा फटका आमच्यापेक्षा चार-पाच यार्ड जास्त जातो. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला. त्या वाटेने जाऊ पाहणारी मुलं आज पुण्यात तर उद्या मुंबईत खेळतात. त्यांच्या घरच्या यंत्रात मूळ कंपनीने भरलेलीच उंची आणि तापमान राहिलं, तर क्लब निवडताना ती गोंधळतात. दमट हवा जड असते हा समजही काढून टाकायला हवा. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पावसाळ्यात चेंडू कमी जातो तो ओल्या गवतामुळे आणि गार हवेमुळे.

चौकट आणि पॅडिंग बाहेरून मागवण्याची गरज नाही. अंबरनाथच्या फॅब्रिकेटरकडे पाइपची चौकट पावडर कोटिंग करून मिळते, आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले कारागीर फोम व रेक्झिनचं काम अप्रतिम करतात. पडद्याचं कापड मात्र त्यासाठीच विणलेलं घ्या. साध्या कॅनव्हासवरून चेंडू तोंडावर परत येतो.

पैसे कमी पडत असतील तर आधी चित्रावर कात्री लावा. फोर-के प्रोजेक्टर नंतर घेता येतो, जगप्रसिद्ध मैदानांचं पॅकेजही नंतर घेता येतं. मोजणाऱ्या यंत्रावर आणि चटईवर तडजोड नको. वर्षाची वर्गणी किती, ती थांबवली तर यंत्राचे आकडे मिळतात का, इंटरनेट नसताना ते चालतं का, आणि बिघडलं तर दुरुस्तीला परदेशी जातं की इथेच होतं, याची उत्तरं बिलासोबत लेखी घ्या.

आणि आगाऊ रक्कम देण्याआधी एक चाचणी कराच. खारघरच्या ड्रायव्हिंग रेंजवर तुमच्या ७ नंबरने दहा चेंडू मारा आणि ते कुठे पडतात ते लिहून ठेवा. मग विक्रेत्याच्या यंत्रासमोर तोच क्लब घेऊन दहा मारा. रेंजचे चेंडू थोडे कमी जातात, तेवढी सूट द्या. त्यापलीकडे आकडे जुळत नसतील, किंवा विक्रेता तुमचा स्वतःचा क्लब वापरू देत नसेल, तर ते यंत्र घेऊ नका.