भडकल गेट ते नागसेनवन : एक पायी सफर

बीड जिल्ह्यातील माणसाला औरंगाबाद काही नवे नाही. २०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. खंडपीठातील तारीख, विद्यापीठातील काम, घाटी दवाखान्यातला पेशंट, यांपैकी काही ना काही आपल्याला तेथे नेतेच. मी कारकून माणूस. कार्यालयाच्या फायली घेऊन किती वेळा गेलो असेन! प्रत्येक खेपेला भडकल गेटला थांबायचे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायचे आणि कामाला लागायचे. तेथल्या त्या भव्य दरवाजाकडे मान वर करून मात्र मी कधी पाहिले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात नववीतल्या मुलीला सोबत नेले. तिने सहज विचारले, "पप्पा, हा दरवाजा कुणी बांधला?"

मी म्हणालो, "असेल कुण्या बादशहाने."

हे उत्तर चुकीचे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. आमच्या पाहुण्यांच्या वस्तीतले एक निवृत्त शिक्षक सुट्टीच्या सकाळी मुलांना जुने शहर पायी दाखवतात. त्यांच्यासोबत आम्ही बापलेकही निघालो.

पहिला मुक्काम भडकल गेटच. हा दरवाजा १६१२ मध्ये मलिक अंबरने मुघलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधला. आणि मलिक अंबर कोण? आजच्या इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. या हातातून त्या हातात जात तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. येथे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतले, आणि तो पेशवाही हबशीच होता. मालक वारल्यावर अंबर शिपाईगिरी करीत वर चढला. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतले तेव्हा मोडकी निजामशाही त्यानेच सावरून धरली. १६१० मध्ये त्याने खडकी या गावी नवे शहर वसवले. तेच हे शहर. १६२६ मध्ये तो वारला. मुलाने शहराला फतेहनगर नाव दिले आणि १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार होऊन आल्यावर औरंगाबाद झाले.

मुलीने वहीत सारे टिपून घेतले आणि विचारले, "सर, शहर अंबरने वसवले, मग त्याचे नाव शहराला कधीच कसे नाही?"

सर हसले. म्हणाले, "चल, त्याचे नाव कशाला आहे ते सांगतो."

चालत आम्ही खाम नदीकाठी पाणचक्कीला आलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात नळीतून येणारे पाणी उंचावरून हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी पीठ दळले जाई. बरेच जण हीच अंबरची करामत समजतात. सरांनी तो गैरसमज दूर केला. पाणचक्की १८ व्या शतकातली. अंबरची नहर त्याहून शंभरावर वर्षे जुनी, १६१७-१८ च्या सुमाराची. तिचे नाव नहर-ए-अंबरी. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत पाटात गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरातल्या हौदांपर्यंत आणायचे. पंप नाही, वीज नाही. इराणात अशा पाटांना कनात म्हणतात. मोरोक्कोतल्या मराकेश शहराच्या बागाही अशाच भुयारी पाटांवर वाढल्या. आपल्या बीडजवळची निजामशाही काळातील खजाना विहीर पाहिली असेल, तर हे तंत्र लगेच ध्यानात येईल.

विकल्या गेलेल्या माणसाने तहानलेल्या शहराला पाणी दिले. हे ऐकताना मला याच परिसरातली दुसरी गोष्ट आठवली. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. प्रवासाच्या धुळीने माखले म्हणून प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून गलका झाला. पुढे किल्ला पाहता आला, पण पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देण्यात आला. मुलीला ही गोष्ट मी पाणचक्कीच्या हौदाशेजारीच सांगितली. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

सफर नागसेनवनात संपली. दौलताबादच्या त्या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले. इमारतीची पायाभरणी १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. महाविद्यालयाचे नाव मिलिंद. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन त्याला उत्तरे देणारा भिक्खू. मला माझे आदल्या दिवशीचे उत्तर आठवले आणि मनातल्या मनात शरम वाटली.

वाचकहो, या सफरीला तिकिटाखेरीज फारसा खर्च नाही. सकाळची तीन तासांची सवड, पायात साधी चप्पल आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. पुढच्या वेळी कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या कामाला जाल, तेव्हा मुलांना सोबत न्या. भडकल गेटला पुतळ्याला वंदन झाले की त्यांना दरवाजाही दाखवा. ते प्रश्न विचारतील. उत्तर येत नसेल तर माझ्यासारखे ठोकून देऊ नका. "चल, विचारू या" म्हणा आणि चालू लागा.