भेंडवळची घागर

मैत्रिणींनो, अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोदकडे गेलात, तर तालुक्यातल्या भेंडवळला जरूर जा. संध्याकाळी शेतात वाघ घराण्यातली माणसं घट मांडतात. गावकरी म्हणतात, ही रीत ३५० वर्षांची! गोल आखून १८ धान्यं, मध्ये पावसाच्या ४ महिन्यांची ४ ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. अन् वर काय, तर आपलेच पापड, कुरडई, पुरी, भजी! रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे जे ढेकूळ जास्त भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस जास्त, असा अंदाज सांगतात.

यामागे शास्त्र नाही, खरंच. पण बियाण्यापायी पाटल्या गहाण टाकलेली बाई त्या ढेकळाकडे बघताना दिसली, की हसू येत नाही हो! पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच बरी.