डोंगरची काळी मैना

करवंद म्हटलं की मुंबईतला माणूस मनाने गावी पोचतो. मे महिना, आजोळ, कोकणातला डोंगर. माझी करवंदं मात्र बोरिवलीची आहेत. आमची चाळ पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला होती. उन्हाळ्यात डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका दारावर यायच्या. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक आली की आम्ही पोरं दुपारच्या झोपेतून उठून थेट जिन्यात. पानाच्या द्रोणात काळीभोर, चिकाने एकमेकांना धरलेली फळं असायची. खाण्याआधी पैज ठरलेली: कोंबडा की कोंबडी? करवंद दाताने अर्धं तोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने आपल्या वाट्यातलं एक द्यायचं. ओठांवर बसलेला चीक खोबरेल तेल लावल्याशिवाय निघत नसे.

आजी पिकलेल्या फळांची वाट बघायची नाही. ती आधीच हिरवी करवंदं घेऊन मिठाच्या पाण्यात टाकायची, चीक गेला की बत्त्याने हलकी ठेचून बिया काढायची आणि फेसलेल्या मोहरीत मुरवायची. मामा घाटकोपरच्या एका बेकरीत कामाला होता. केकवरची लालभडक चेरी म्हणजे बऱ्याचदा बी काढून, रंगवून, पाकात मुरवलेलं कच्चं करवंदच असतं, हे त्याच्याकडून कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. वाढदिवसाच्या केकवरसुद्धा आमच्याच डोंगरातलं फळ!

झाडाकडे नीट पाहिलं ते कॉलेजात असताना, कान्हेरीला चालत जायची सवय लागल्यावर. मार्च-एप्रिलमध्ये तिथला साग उघडा पडलेला असतो, पायाखाली पाचोळा वाजतो. त्यात करवंदाची जाळी तेवढी हिरवीगार, वर जाईसारख्या पांढऱ्या, मंद वासाच्या फुलांचे झुबके. मुंबईला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने मुरमाड उतारावर हे झुडूप जाड, तुकतुकीत पानांनिशी तग धरतं आणि ऐन उन्हाळ्यात फळतं. कण्हेर, चाफा, सदाफुली याच कुळातली. चीक सगळ्यांनाच, पण खाण्याजोगं गोड फळ देतं ते करवंद.

लग्नानंतर मुलुंडला आले. तिथेही पश्चिमेला तोच डोंगर, फक्त दुसऱ्या बाजूने. सोसायटीच्या कुंपणाला ड्युरांटा लावायचं ठरत होतं, तेव्हा मी करवंदाचा आग्रह धरला. पोरांना काटे लागतील, ही हरकत रास्त होती. करवंदाचे काटे जोडीने येतात आणि कापडात घुसले की सोडत नाहीत. म्हणून खेळायच्या जागेपासून लांब, मागच्या भिंतीकडची उन्हाची पट्टी मिळाली. रोपवाटिकेत विचारलं, तर पांढरी-गुलाबी, टपोऱ्या फळांची जात पुढे आली. ती वाईट नाही. लोणच्याला, जेलीला उत्तम, कारण करवंदात पेक्टिन भरपूर असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेही मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ काढली आहे. पण मला हवी होती डोंगरावरची काळी, बारीक, कोंबडा-कोंबडीवाली.

मग बियांपासून सुरुवात केली. पाटीवालीकडून घेतलेली पूर्ण पिकलेली करवंदं कुस्करली, गर धुतला, बिया सावलीत सुकवल्या आणि लगेच पिशव्यांत पेरल्या. ठेवून दिलेलं बी फार काळ टिकत नाही, म्हणून हे काम त्याच हंगामात करावं लागतं. पावसात दोन दोन पानं वर आली. पहिलं वर्ष रोप नुसतं उभं राहतं, बघणाऱ्याचा धीर सुटतो. पण वर दिसत नाही ते खाली मुळांत चाललेलं असतं. पहिले दोन उन्हाळे पाणी दिलं, पुढे कधी द्यावं लागलं नाही. तिसऱ्या वर्षी चार-दोन फुलं आली आणि मी जिना चढउतार करून सगळ्या मजल्यांवर सांगत सुटले.

भाची कॅनडात असते. तिच्या अंगणात एल्डरबेरी आहे. उणे 30 अंशांच्या थंडीत वरच्या फांद्या मेल्या तरी वसंतात बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, तीही काळी-जांभळी फळं, फक्त शिजवूनच खायची. फोनवर आमचं बोलणं बहुतेक या दोन झुडपांबद्दलच असतं. तिच्याकडचं हिमाला पुरून उरतं, माझ्याकडचं उन्हाला. तिच्या गावात लोक अंगणात काय लावायचं ते तिथली थंडी बघून ठरवतात. आपण आपल्या कुंपणाला दर महिन्याला कात्री आणि रोज पाइप लागणारी झाडं आणतो, आणि याच मातीत, याच पावसावर वाढलेलं फळझाड हाकेच्या अंतरावर असून ते गावचं म्हणून सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मागच्या भिंतीला काटेरी, घट्ट जाळी झाली आहे. उन्हाळ्यात वरची फळं लालबुड्या बुलबुलांची, खालची पोरांची. फळं संपली की मी हलकी छाटणी करते. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे उशीर केला तर पुढच्या हंगामाला फटका बसतो. स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून द्रोण घ्यायचा मात्र मी बंद केलेला नाही. त्यांचा उन्हाळा त्यावर चालतो, आणि त्यांच्या फळाला जी आंबटगोड धार असते ती आमच्या कुंपणाला अजून आलेली नाही.

यंदा काही रोपं जास्तीची आहेत. पलीकडच्या दोन इमारतींनी मागितली आहेत. पाऊस लागला की चार-पाच फुटांवर खड्डे घ्या, पाणी साचेल अशी जागा टाळा, आणि पहिलं वर्ष संपेपर्यंत उपटू नका, एवढं त्यांना सांगितलं आहे.