समुद्राकाठी ऐंशी लिटर

कॅम्परव्हॅनच्या जाहिरातींत एक फोटो ठरलेला असतो. गाडीची मागची दारं सताड उघडी, आत पांढरीशुभ्र गादी, गादीच्या टोकाला पायांच्या दोन जोड्या आणि पलीकडे निळाशार समुद्र. खाली स्वातंत्र्याबद्दल एखादं वाक्य. हवं तिथे थांबा, हवं तेव्हा निघा वगैरे वगैरे. त्या फोटोत खरकटी भांडी नसतात, कुकर नसतो, आणि आई-बाबा तर नसतातच नसतात.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, आई आणि बाबा. रस्ता ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड. मेलबर्नपासून शंभरेक किलोमीटरवर टॉर्की नावाचं गाव आहे, तिथे हा रस्ता सुरू होतो आणि पश्चिमेकडे अ‍ॅलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटर जातो. आमच्या ऑफिसातले बहुतेक देशी लोक तो एका दिवसात उरकतात. पहाटे निघायचं, ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या खडकांसमोर फोटो काढायचा, मध्यरात्री घरी. ते आमच्यासाठी शक्य नव्हतं. बाबांना मधुमेह आहे. जेवण वेळेवर लागतं, बाथरूम जवळ लागते आणि दुपारी पाठ टेकायला लागते. मग डोक्यात आलं की किचन, बाथरूम आणि पलंग बरोबरच नेले तर?

स्वस्त पडतं म्हणून कुणी या वाटेला जाणार असाल तर आधीच सांगतो, नाही पडत. गाडीचं भाडं, विमा, डिझेल आणि रात्रीच्या जागेचं भाडं धरलं की मोटेलच्या दोन खोल्यांच्या आसपास आकडा जातो. बाबांची पहिली प्रतिक्रिया होती, "पैसे देऊन गाडीत झोपायचं? ते तर ट्रकवाले फुकट करतात."

२५ एप्रिल हा इथे अँझॅक डे. २०२४ साली तो गुरुवारी आला होता. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस. गाडी आदल्या दिवशी दुपारीच आणून ठेवली. सात मीटर लांब, उंची तीन मीटरच्या वर. साधं कारचं लायसन्स इथे साडेचार टनांपर्यंतच्या गाडीला चालतं, त्यामुळे कायद्याने मी ती चालवायला लायक होतो. आणि ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डाव्या बाजूने, हा मोठाच दिलासा.

आता बाबा. बाबा जिल्हा बँकेतून निवृत्त झाले. भाड्याच्या कराराची पानं त्यांनी आदल्या रात्री हातात पेन घेऊन वाचली. मी आयुष्यात कुठलाही करार शेवटपर्यंत वाचलेला नाही, आपण सगळे 'मान्य आहे'वर टिक करणारे लोक. बाबांनी तीन कलमांखाली रेघा मारल्या. एक, 'पूर्ण' विमा घेतला तरी गाडीच्या छपराचं आणि पोटाचं नुकसान त्यात नाही. दोन, कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही. तीन, सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवायची नाही, कारण त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात. एप्रिलच्या शेवटी तिकडे सूर्य पावणेसहालाच मावळतो. "म्हणजे पाचला मुक्कामी," बाबा म्हणाले. विषय संपला.

आणि मुक्कामी म्हणजे कुठेही नाही बरं का. समुद्राकाठी गाडी लावून झोपायचं हे जाहिरातीतलं चित्र या रस्त्यावर जवळजवळ कुठेच चालत नाही. तिथल्या नगरपालिका दंड करतात, अपॉसल्सच्या पार्किंगमध्येही रात्री राहायला बंदी. पैसे भरून कॅराव्हॅन पार्कमध्ये जागा घ्यायची, सुट्टीत तर आधी बुक करायची. थोडक्यात काय, हवं तिथे थांबता येत नाही आणि हवं तेव्हा निघताही येत नाही. जाहिरातवाल्यांचा सत्कार केला पाहिजे.

बाकी रस्ता मात्र... काय सांगू! मेलबर्नहून पश्चिमेला जाताना समुद्र डाव्या हाताला, आणि आपणही डावीकडेच. म्हणजे मध्ये काहीही नाही. लॉर्न ते अपोलो बे हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा तुकडा तर डोंगराच्या कडेवर कोरलाय. मागे गाड्या तुंबल्या की संथ गाड्यांसाठी केलेल्या रुंद जागी बाजूला व्हायचं, लोक हात दाखवून पुढे जातात. हॉर्न नाही. छपरावर फांदी येतेय का हे बघण्याचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि ती नसतानाही ते "फांदी!" ओरडत होते.

ईस्टर्न व्ह्यूपाशी रस्त्यावर एक लाकडी कमान आहे आणि शेजारी कुदळ-फावडं घेतलेल्या दोन माणसांचा पुतळा. हा अख्खा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी बांधला, १९१९ ते १९३२. सुमारे तीन हजार माणसं, सुरुंग, कुदळी आणि ढकलगाड्या. न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. १९२४ मध्ये कसिनो नावाची बोट जवळच खडकावर अडकली, तेव्हा वजन कमी करायला बियरची पाचशे पिंपं समुद्रात टाकावी लागली. ती कामगारांच्या हाती लागली आणि रस्त्याचं काम दोन आठवडे आपोआप बंद पडलं, असं सांगतात.

त्या दिवशी कमानीखाली फुलं ठेवलेली होती. अँझॅक डे म्हणजे १९१५ साली गॅलिपोलीला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक उतरले तो दिवस. तिथे हिंदुस्थानी फौजाही लढल्या होत्या, हे बाबांना माहीत होतं, मला नव्हतं. आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. तिथे घरटी माणूस फौजेत. बाबा बराच वेळ त्या पुतळ्यापाशी उभे होते. मग म्हणाले, "आपल्याकडं यांना परत आल्यावर शेती तरी होती थोडीफार. यांना रस्ता फोडायला लावला." आणि घड्याळ बघितलं. दीड वाजला होता, इन्शुलिनची वेळ.

आईबद्दल अजून काहीच लिहिलं नाही, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

कॅम्परव्हॅन म्हणजे खरं तर मोजक्या गोष्टींवर चालणारं एक छोटं गाव. आमच्या गाडीत ८० लिटरची चांगल्या पाण्याची टाकी होती. वापरलेलं पाणी वेगळ्या टाकीत जमतं, ते ठरलेल्या जागीच सोडायचं. दिवे, फ्रिज आणि पाण्याचा पंप गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीवर. ती गाडी चालू असताना चार्ज होते. मायक्रोवेव्ह मात्र पार्कमधल्या खांबाला केबल जोडली तरच चालणार. त्या केबलचा प्लग १५ अँपियरचा, अर्थिंगची पिन जाड, म्हणजे घरातल्या साध्या सॉकेटमध्ये तो जाऊच नये. मी हे सगळं समजावून सांगत होतो तर आई म्हणाली, "म्हणजे गीझरचा प्लग." बरोबर. गीझरचा प्लग.

मी एक्सेल शीट केली होती. (हसू नका.) माणशी किती लिटर, पंप किती मिनिटं, बॅटरी किती टक्के. दोन रात्री पार्कमध्ये होतो, तिथे नळ आणि वीज दोन्ही. पण मधली रात्र पोर्ट कॅम्पबेलच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात होती. समोर गाई, मागे झाडांची ओळ, वीज नाही, नळ नाही. शीटप्रमाणे सकाळपर्यंत टाकीत जेमतेम दहा लिटर उरायला हवे होते.

आईचं लहानपण माण तालुक्यात गेलंय. तिने शीट बघितली नाही. तिने पंप बंद करायला लावला, पातेल्यात पाणी काढून घेतलं आणि भांडी आधी कागदाने पुसली. मग तीन पातेल्यांची रांग. पहिल्यात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात पुन्हा. तिसऱ्याचं पाणी पुढच्या वेळी दुसऱ्यात. तांदूळ धुतलेल्या पाण्यात डाळ भिजली. अंघोळीच्या नावाखाली आम्हाला प्रत्येकी एक तांब्या गरम पाणी मिळालं. (तांब्या साताऱ्याहून आलेला. मी विचारलं नाही.) सकाळी गेजवरच्या चार दिव्यांपैकी तीन अजून जळत होते. "आमच्याकडं उन्हाळ्यात दोन हंड्यांत सात माणसं व्हायची," ती म्हणाली, "आणि त्यातनं म्हशीलाबी." तिच्या आवाजात अभिमान नव्हता. दीड हजार रुपयांच्या मिक्सरची किंमत सांगावी तसं सांगितलं.

एक सूचना देऊन ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल. फोडणी टाकायच्या आधी छपरावरची खिडकी उघडा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो, आणि त्या शांत रानात तो गाईंनाही ऐकू जातो.

त्या रात्री पाऊस आला. पत्र्याच्या गाडीत पावसाचा आवाज किती मोठा होतो हे तुम्ही कधी ऐकलं नसेल तर सांगून कळणार नाही. बाबा टेबल मोडून केलेल्या पलंगावर, आई मागच्या, मी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर. दिवे बंद. बाबा अंधारातच म्हणाले, "ते पी.आर.चं काय केलंस?"

हा प्रश्न फोनवर वर्षभर येत होता. फोनवर सोपं असतं. आवाज तुटतोय, मीटिंग आहे, नंतर बोलतो. सात मीटरच्या गाडीत, रानात, पावसात, मोबाइलला रेंज नसताना माणूस जाणार कुठे? दार उघडून गाईंकडे?

म्हणालो, "अर्ज केलाय. फेब्रुवारीत."

पाऊस पडत होता. बाबा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे मग तिकडं नाही यायचं?"

"तसं काही नक्की नाही. मिळालं तर इथे राहायची सोय होते एवढंच. दोन वर्षांत बघू."

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. बँकेतला माणूस, मुदत पाठ करून ठेवतो.

मग आई. मला वाटलं ती झोपलीय. "तुझं काय ते ठरलं की सांग. दिवाळीच्या आधी घराला रंग काढायचाय. तुझ्या खोलीत कपाट करायचं का नुसता पलंग ठेवायचा, ते बघायला लागेल." तेवढंच. रडणं नाही, टोमणा नाही. मी "हो" म्हणालो. थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "पंप बंद आहे ना?" होता.

सकाळी आकाश धुतल्यासारखं. ट्वेल्व्ह अपॉसल्स बारा नाहीत आणि बारा कधीच नव्हते. चुनखडीचे हे सुळके एके काळी किनाऱ्याचाच भाग होते. लाटा कड्यात गुहा करतात, गुहेची कमान होते, कमान पडली की सुळका उरतो आणि शेवटी सुळकाही पडतो. एक ३ जुलै २००५ ला बघता बघता कोसळला. पुढे लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, तिचा किनाऱ्याकडचा अर्धा भाग १५ जानेवारी १९९० ला पडला आणि दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले. हेलिकॉप्टरने काढले त्यांना. बाबांनी कठड्यापासून दोन पावलं मागे येऊन हे ऐकलं.

लॉक आर्ड गॉर्ज मात्र आईला आवडली. दोन्ही बाजूंनी उंच कडे आणि मध्ये एवढीशी वाळू. १८७८ साली लॉक आर्ड हे जहाज इथल्या बेटावर आदळून फुटलं. ५४ माणसांपैकी दोनच वाचली, टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी आणि इव्हा कारमायकल ही मुलगी. दोघंही विशीच्या आतबाहेर. टॉमने तिला पाण्यातून ओढून या वाळूवर आणलं आणि मग कडा चढून मदत आणली.

आईने लगेच विचारलं, "मग लग्न झालं का त्यांचं?"

नाही झालं. इव्हा आयर्लंडला परत गेली. त्या काळच्या वर्तमानपत्रांनाही हाच प्रश्न पडला होता म्हणे, त्यामुळे आईला एकटीला दोष नाही. पण पार्किंगपर्यंत ती नाराज होती. "एवढं वाचवलं पोरानं," म्हणत होती. बाबा म्हणाले, "तिचे आई-बाप असतील की तिकडं."

खरं तर तिचे आई-बाप त्याच जहाजावर होते. मी ते सांगितलं नाही.

तिसरी रात्र वॉर्नांबूलला. नळ, वीज, गरम पाण्याचे शॉवर, सगळं. आईने तरी पातेलीच लावली. रविवारी आतल्या हायवेने, कोलॅकवरून, तीन-साडेतीन तासांत परत. डेपोवर जायच्या आधी डिझेल भरायचं, वापरलेल्या पाण्याची टाकी आणि संडासाची कॅसेट ठरलेल्या जागी रिकामी करायची. ते काम मी केलं, बाबा लांब उभे राहून सूचना देत होते. डेपोतल्या मुलीने गाडीभोवती चक्कर मारली. बाबा तिच्या मागोमाग, हातात मोबाइल, त्यात बुधवारी काढलेले प्रत्येक ओरखड्याचे फोटो. ती हसून म्हणाली की गाडी नेली त्यापेक्षा स्वच्छ आलीय. डिपॉझिट पूर्ण परत.

टॅक्सीत बसल्यावर आईच्या लक्षात आलं की कुकरची शिट्टी चमच्यांच्या खणात राहिली. परत जाऊन आणली.