डोंगर शिखरजीचा, डोंगर मुलुंडचा

श्री सम्मेद शिखरजीच्या रक्षणासाठी १ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत आणि दिल्लीत जैन समाज रस्त्यावर उतरला, ते दृश्य अनेकांच्या स्मरणात आहे. एरवी सभा-मोर्च्यांपासून चार पावले दूर राहणारा, वर्गणी देऊन मोकळा होणारा हा व्यापारी समाज. पण वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीचे पर्यटनस्थळ होणार, तेथे मद्य-मांस पोहोचणार, या धास्तीने पेढीवरचे शेठ घरातल्या श्राविकांसह रस्त्याने चालले. जयपूरमध्ये उपोषणास बसलेल्या एका मुनींनी ३ जानेवारीला देह ठेवला. ५ जानेवारीला केंद्र सरकारने पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली.

या यशाची कथा पुष्कळ सांगितली गेली. तिच्यातला एक भाग मात्र सहसा राहून जातो. ज्या कागदाने हे सारे घडवले तो पर्यावरण मंत्रालयाचा कागद होता. पारसनाथ अभयारण्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवणारी ती २ ऑगस्ट २०१९ ची अधिसूचना. तिचा आधार १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा. डोंगराला खाणींपासून वाचवणारी कलमे आणि पर्यटनाला वाव देणारी कलमे एकाच कागदावर नांदत होती. अशा अधिसूचनेचा आधी मसुदा निघतो, तो राजपत्रात छापला जातो आणि हरकती कळवण्यासाठी नागरिकांना साठ दिवस मिळतात. मोर्चा निघाला तो अंतिम अधिसूचनेनंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. व्यापारी माणसाला हुंडीची मुदत कधी चुकत नाही. राजपत्राची मुदत मात्र त्याच्या वहीत कधी चढतच नाही.

केंद्राने राज्य सरकारला देखरेख समितीवर जैन समाजाचे दोन आणि स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य घेण्यास सांगितले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तोच डोंगर संथाळांना मरांग बुरू म्हणून पूज्य आहे. डोंगर एकट्या कुणाचाच नसतो.

आता मुलुंड. पश्चिमेच्या कोणत्याही उंच इमारतीच्या गच्चीवरून जे हिरवे डोंगर दिसतात, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे. या उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले. कायदा तोच, अधिसूचनेचा प्रकारही तोच. शिखरजीसाठी मोर्च्यात गेलेल्यांपैकी किती जणांनी घरामागच्या डोंगराची ही अधिसूचना वाचली असेल? याच डोंगरांच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे सुमारे ४.७ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे जाणार आहेत. रस्ता हवा की नको यावर मतभेद असतील, असावेतही. गोरेगावचे गिऱ्हाईक अर्ध्या तासात दारी येणार असेल तर दुकानदाराला रस्ता हवाच असणार. प्रश्न एवढाच, की झाडांचा, पाण्याच्या ओढ्यांचा, डोंगरातल्या पाड्यांचा हिशेब मांडला जात असताना मुलुंडकर त्या बैठकीला होता का.

समाजाच्या या अलिप्ततेमागे एक जुनी जखमही आहे, तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. डोंगरपायथ्याच्या अनेक जमिनींना १९५६-५७ च्या सुमारास वन कायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या. पुढे १९७५ चा खाजगी वनांचा कायदा आला. मग बांधकाम परवानग्या मिळाल्या, इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची कमाई घालून घरे घेतली. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने नोंदी अद्ययावत करण्यास सांगितले तेव्हा या जमिनी कागदोपत्री ‘खाजगी वन’ झाल्या. २००८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल रहिवाशांच्या विरोधात गेला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला, तोवर कित्येक घरांतली झोप उडाली होती. ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकताच मुलुंडच्या काही घरांत आजही कपाळाला आठी पडते, ती यामुळे. पण दोष जंगलाचा नव्हता आणि याचिकेचाही नव्हता. पन्नास वर्षे नोंद लोंबकळत ठेवणाऱ्या कारभाराचा तो दोष होता. सीमा वेळेवर आखल्या गेल्या असत्या तर ना डोंगर पोखरला गेला असता, ना घरे अडकली असती. कठोर आणि स्पष्ट धोरण व्यापाऱ्याच्या मुळावर येते हा समज निदान मुलुंडमध्ये तरी तपासून पाहायला हवा. येथे नुकसान केले ते ढिल्या धोरणाने.

पूर्वेकडची कथा कचऱ्याची आहे. हरिओम नगरजवळ, खाडीच्या काठी, १९६७ पासून मुंबईचा कचरा पडत राहिला. सुमारे २४ हेक्टर जागेवर ७० लाख टनांचा डोंगर झाला. मुलुंडचा हा तिसरा डोंगर, आणि हा माणसांनीच रचलेला! त्याच्या वासाने पूर्वेच्या इमारतींतल्या खिडक्या वर्षानुवर्षे बंद राहिल्या. ओला कचरा असा दडपला गेला की त्यातून मिथेन निघतो. हवामान तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक प्रभावी आहे. रहिवाशांनी निवेदने दिली, न्यायालयाचे दार ठोठावले गेले. अशास्त्रीय कचराभूमींमुळे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांवर निर्बंध घातले आणि मग महापालिका खडबडून जागी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलुंडची कचराभूमी बंद झाली आणि जुना कचरा उकरून, चाळून, वेगळा करण्याचे काम सुरू झाले.

मुलुंडने सुटकेचा श्वास घेतला, पण कचरा काही नाहीसा झाला नाही. शहराच्या कचऱ्याचा फार मोठा भाग आता कांजूरमार्गला जातो. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तेथील सुमारे १२० हेक्टर जमीन पुन्हा संरक्षित वन ठरवली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. तिथले रहिवासी आज तीच निवेदने लिहीत आहेत, जी काल मुलुंडने लिहिली. त्यांच्या कागदावर मुलुंडच्या किती सह्या असतील?

जैन परंपरेत कचरा हा विषय हलका मानलेला नाही. साधू-साध्वींच्या पाच समितींतली पाचवी समिती परठवण्याविषयी आहे: टाकायची वस्तू कोठे टाकावी, भूमी पाहून, जीव पाहून, कुणाला पीडा होणार नाही अशी. घरात पाणी गाळणारी, सूर्यास्तापूर्वी चौविहार करणारी श्राविका या अर्थाने रोज जयणा पाळते. पण तिच्याच घरची पिशवी खाली नेऊन गाडीत पडली की पुढे ती खाडीकाठी अगणित जीवांवर जाऊन पडते, आणि ते तिच्या एकटीच्या जयणेने थांबत नाही. ते थांबते नियमाने. मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हा नियम महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून लागू केला. किती सोसायट्यांनी तो मनापासून पाळला आणि किती ठिकाणी खत करण्याची टाकी नुसती दाखवण्यापुरती उभी आहे, हे रहिवासी जाणतातच.

श्रावकांसाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, अंगारकर्म आहे, तळी आटवण्याचा धंदाही आहे. ज्या काळी सरकारी पर्यावरण खाते नव्हते त्या काळी परंपरेने धंद्यालाच नियम घातले होते. आणि तरीही २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली तेव्हा विरोधाचा मोठा आवाज बाजारपेठेतूनच उठला. किराणा दुकानदारांची अडचण खोटी नव्हती. सुटा माल द्यायचा कशात, हा रोकडा प्रश्न होता. सरकारने जूनअखेर जाड प्लास्टिकच्या वेष्टनांना अटींसह सवलत दिली. पण बाजारातून ‘बंदी मागे घ्या’ ही एकच मागणी गेली. ‘बंदी ठेवा, पण कापडी पिशवीवाल्या बचतगटांना भांडवल द्या आणि उत्पादकाच्या दारात आधी जा’ अशी मागणी जोरात गेली असती, तर ती अधिक जैन ठरली असती आणि अधिक व्यवहारीही.

१९९० मध्ये लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसमध्ये निसर्गाविषयीचा जैन जाहीरनामा प्रिन्स फिलिप यांना सादर झाला, डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी तो लिहिला होता. त्याचा अभिमान जरूर असावा. पण महापालिकेच्या टी विभाग कार्यालयात जाहीरनाम्याची पोच मिळत नाही, अर्जाची मिळते.

‘काका, एक सही हवी होती,’ म्हणत सोसायटीतली तरुण मुलगी दुकानात येते, तेव्हा काकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोर्टाचं तर नाही ना गं?’ ही भीती समजण्याजोगी आहे. मात्र हरकत नोंदवणे म्हणजे खटला नव्हे. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला, तोही इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने तो इतर भारतीय भाषांतही द्यावा असे सांगितले आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत घरात बसून लाखो नागरिकांनी हरकती पाठवल्या. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि ऊर्जा व वाहतुकीबरोबर कचऱ्याचाही हिशेब त्यात मांडलेला आहे. या आराखड्याला महापालिकेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी किती रक्कम मिळते, हे विचारायला ताळेबंद वाचता येणारी माणसे लागतात. मुलुंडच्या संघांत सनदी लेखापालांची वाण नाही. चातुर्मासात प्रवचनानंतर एक दिवस त्यांच्यापैकी दोघांनी तो अर्थसंकल्प उपाश्रयाच्या सभागृहात उघडून बसावे, आणि जे सापडेल त्यावर टी विभागाला पत्र लिहावे, दोन प्रतींत, पोच घेऊन.